कबरीवरून दिलेली कोंबडी

झाम्फिराच्या परसात कायम पाचसहा कोंबड्या असत, पण तिची स्वतःची म्हणावी अशी एकही नव्हती. सगळ्या मेलेल्यांच्या.

आमच्याकडे माणूस पुरताना कबरीच्या अलीकडून पलीकडे एक जिवंत कोंबडी देतात. देणारे घरचे, घेणारा गावातला गरीब. मेलेल्याची वाट काट्यांनी भरलेली असते. कोंबडी पुढे चालून नखांनी काटे उकरत जाते आणि मागून माणूस जातो. म्हणून ती कोंबडी कापायची नसते. निदान वर्षाची प्रार्थना होईपर्यंत तिनं जगायचं आणि उकरत राहायचं, मग माणूस पोचला असं धरतात. माझा यावर विश्वास आहे का, असं विचाराल तर मी विषय बदलीन. माझ्या नवऱ्याच्या कबरीवरून मात्र मी घरातली सगळ्यात तगडी कोंबडी दिली होती.

झाम्फिराचा नवरा पांतेलिमोन कबरी खणायचा. तो होता तोवर कोंबडी त्याच्या हाती पडे. तो गेल्यावर खणायला शेजारच्या गावचे दोघे यायला लागले. त्यांना एकदा कोंबडी देऊन पाहिली, तर संध्याकाळी तिचं सूप झालं आणि जिनं बापासाठी दिली होती ती बाई आठवडाभर रडत बसली. तेव्हापासून कोंबडी झाम्फिरालाच द्यायची असं होऊन गेलं. गावात तिच्याहून गरीब कोणी नव्हतं, आणि तिच्याकडे गेलेली कोंबडी म्हातारी होऊनच मरायची. तरुण माणसं इटलीला नाहीतर स्पेनला गेलेली, मागे राहिलेल्यांचं मरणं चालू, त्यामुळे तिचं खुराडं कधी रिकामं पडलं नाही.

कोंबड्यांना तिनं नावं दिली नव्हती. मेलेल्याचंच नाव कोंबडीला लागायचं. मी कुंपणाच्या अलीकडे भांडी घासत असले की पलीकडून ऐकू यायचं, "निस्तोर, मेल्या, कांद्यातून बाहेर ये!" निस्तोर म्हणजे आमचा गेलेला गिरणीवाला. जन्मभर त्याचा डोळा दुसऱ्याच्या ताटावर, आणि त्याची तांबडी कोंबडीही तसलीच. ठिपक्याठिपक्यांची होती ती शाळेतल्या युफ्रोसिनाबाईंची. तिला झाम्फिरा अहोजाहो करायची. "बाई, अहो तुम्ही तरी शिकलेल्या, तुम्हीसुद्धा मिरच्यांत?" हसून हसून माझं पोट दुखायचं.

पण हे हसणं माझं होतं. झाम्फिराचं पोट त्या मिरच्यांवर होतं. मूलबाळ नाही, शेत नाही, घर आणि खुराडं यांच्यामधला जमिनीचा एक पट्टा तेवढा तिचा. त्यात ती लांबट लाल मिरच्या, टोमॅटो, वांगी, कांदे लावायची. आईकडून आलेलं मिरचीचं बी दरवर्षी नवं धरायची. शरद ऋतूत सगळं भाजून, कुटून, तेलात शिजवून बरण्या भरायच्या आणि हिवाळाभर मामालिगाबरोबर, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीबरोबर, तेच खायचं. बरण्या भरल्या तर हिवाळा निघाला. नाही भरल्या तर, तिच्याच शब्दांत, "नाही भरल्या तर निस्तोरला भेटायला जाईन."

आणि कोंबड्या काही मनावर घेत नाहीत. नुकतं लावलेलं रोप म्हणजे त्यांना मऊ, ओली, किड्यांनी भरलेली माती. झाम्फिरानं सगळं करून पाहिलं. कुडाचं कुंपण घातलं, त्यावरून उडाल्या. एका बाजूचे पंख छाटले, तर खालून भगदाड पाडलं. शेवटी तिनं तेच केलं जे आमच्या सगळ्यांच्या आया करत आल्या. ओढ्याकाठचं काटेरी झुडूप तोडून आणलं आणि वाफ्यांवर, रोपांभोवती, कुंपणाच्या बुडाशी फांद्या अंथरल्या. कोंबडी एकदा पाय टाकते आणि पुन्हा टाकत नाही. खुराड्याची मागची फळी खालून कुजून तिथे मूठभर भोक पडलं होतं, त्यातही तिनं तेच काटे दाबून बसवले. खुराडं पांतेलिमोनच्या हातचं होतं, त्यामुळे फळी बदलायची म्हटलं की ती म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू."

त्याच वसंतात अग्लायाचा इलारी घरी आला, पेटीतून. इटलीत परांचीवरून पडला. अग्लाया विधवा, हा एकुलता एक, लग्न व्हायचं होतं. लग्नाविना गेलेल्याला आमच्याकडे लग्न लावूनच पुरतात. उशाशी देवदार लावला, आणि गावात मुलीच उरल्या नसल्यामुळे नवरीच्या जागी त्याची चुलत मावशी उभी राहिली, पन्नाशीची. मी एरवी कशावरही तोंड सोडते. त्या दिवशी खाली बघून देवदाराच्या बुडाशी माती दाबत राहिले.

कोंबडी काळीभोर होती, तुरा एका बाजूला लोंबणारा. अग्लायानं ती कबरीवरून स्वतः पुढे केली.

"झाम्फिराताई," ती म्हणाली, "माझ्या पोराच्या पुढे नीट चालव गं हिला. तो लहानपणापासून अनवाणी हिंडायचा."

"चालवीन," झाम्फिरा म्हणाली. "देव त्याला क्षमा करो."

मृतांचा वार शनिवार. पुढच्याच शनिवारी अग्लाया ओंजळभर मका घेऊन आपल्या पोराच्या कोंबडीला बघायला आली. मी कुंपणाशीच होते. झाम्फिरानं फाटक उघडलं, हसून "ये ये" म्हणाली, आणि मग मी अग्लायाचा चेहरा पाहिला.

काळी कोंबडी मिरच्यांच्या वाफ्याशी एका पायावर उभी होती. दुसरा पाय पोटाशी धरलेला. नवी होती ती, तिला काटे ठाऊक नव्हते.

अग्लायाच्या हातून मका सांडला. तिनं कोंबडी उचलून पाय उलटा करून पाहिला. बोटभर काटा होता. तिनं तो दातांनी ओढून काढला आणि हातावर घेऊन आमच्याकडे बघत राहिली.

"तू काटे टाकलेस?" ती म्हणाली. "तिच्या पुढ्यात?"

"अगं, रोपं... रोपांसाठी गं, सगळेच..."

"माझा पोरगा तिच्या मागून चाललाय! अनवाणी! आणि तू वाटेत आणखी काटे पसरतेस? तुला मिरच्या प्याऱ्या झाल्या?"

"अग्लाया, शुद्धीवर ये," मी कुंपणावरून म्हटलं. "कोंबड्यांसाठी मीही काटे टाकते, तूही टाकतेस."

"माझ्याकडे कोणाची कोंबडी नाही!" ती ओरडली, आणि खाली बसली ती मक्याच्या दाण्यांतच बसली. तिला घरी पोचवायला मला जावं लागलं. वाटभर ती तो काटा मुठीत धरून होती.

मी परत आले तर झाम्फिरा गुडघ्यांवर बसून काटे वेचत होती. तिचे गुडघे खरं म्हणजे बसण्याजोगे राहिलेच नव्हते. उघड्या हातांनी एकेक फांदी ओढत होती आणि मनगटापर्यंत रक्त.

"हातमोजे तरी घाल!"

"घालून नाही होत. बारीक राहतात."

"अगं, फक्त काळीला सोड मोकळी. बाकीच्यांना ठेव की कोंडून."

तिनं मान वर केली. "आणि निस्तोरनं काय घोडं मारलंय? बाई किती दिवस माझ्या काट्यांपाशी थांबल्यात, सावेता? मी इतकी वर्षं हा विचारच केला नाही. एकदासुद्धा केला नाही."

तिच्या आवाजातला तो धसका मला अजून ऐकू येतो. अग्लाया दुःखानं बोलून गेली होती. झाम्फिराला ते पटलं होतं. आणि एकदा तिला पटलं की पटलं, तिथे कोणाचंच काही चालायचं नाही. तिनं परसातला एकूण एक काटा काढला. कुंपणाबुडचा काढला, माझ्या बाजूनं डोकावणारी काळ्या बेरीची काटेरी वेल मुळासकट काढली, खुराड्याच्या मागच्या भोकातलेही काढले. सगळं ओढ्यावर नेऊन जाळलं.

कोंबड्यांचा उन्हाळा मजेत गेला. मिरच्यांचं पहिल्या आठवड्यातच वाटोळं झालं. पांतेलिमोनच्या वेळची छत्रीच्या काड्यांची जाळी, राख, जुने फडफडणारे पडदे, असलं काही लावायची मी सूचना केली की ती म्हणायची, "वाटेत काही ठेवायचं नाही." टोमॅटोची मुळं उघडी पडून वाळली. कांदे वर आले. आईच्या मिरचीची चार रोपं तिनं खिडकीत डब्यांत वाचवली, तर निस्तोर खिडकीवर चढला. ती नुसती उभी राहून बघायची. तोंडातून शिवी यायची आणि मधेच थांबायची. आता कुठल्या तोंडानं शिव्या देणार?

मी पोपाकडे, म्हणजे आमच्या पाद्र्याकडे गेले. म्हटलं, म्हातारी हिवाळ्यात उपाशी मरेल, तिला समजवा. तो तरुण आणि भला माणूस. तिच्या घरी जाऊन त्यानं सांगितलं की वाट देव मोकळी करतो, कोंबडी नव्हे, तू फक्त प्रार्थना कर. झाम्फिरानं त्याला कॉफी करून दिली, त्याच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "त्याला देवळातलं सगळं येतं गं. पण वाटेवर कुठे गेलाय तो?"

अग्लाया मात्र दर शनिवारी येत राहिली. उकरलेली, उद्ध्वस्त जमीन बघून ती शांत व्हायची. "बघ, बघ कशी उकरतेय," असं म्हणून बसून राहायची. झाम्फिरा तिच्या शेजारी बसायची. दोघींच्या मधे मक्याचं भांडं. एवढं मी कबूल करते, की त्या उन्हाळ्यात अग्लाया जगली ती त्या परसामुळे. दुसरीकडे कुठे ती श्वास घेत असेल असं मला दिसलं नाही.

शरदातल्या एका पहाटे झाम्फिरा माझ्या दारात आली. एप्रन झोळीसारखा वर धरलेला. मला वाटलं अक्रोड आणलेत.

एप्रनमध्ये काळी कोंबडी होती. मान नव्हती.

डिहोर आला होता. दिसायला मुंगसासारखा, पण मुंगसाहून हरामखोर, खातो एक आणि मारतो चार. मागच्या भोकातून शिरला. जिथले काटे तिनं स्वतःच्या हातांनी काढले होते तिथूनच. निस्तोर वाचला होता, बाई वाचल्या होत्या. इलारीची कोंबडी भोकाच्या सगळ्यात जवळ बसायची.

"निम्मंसुद्धा वर्ष नाही झालं," झाम्फिरा म्हणाली. ती रडत नव्हती. "तो कुठपर्यंत गेला असेल, सावेता? निम्म्या वाटेपर्यंत तरी?"

मी कोंबडी तिच्या हातून घेतली आणि पेअरच्या झाडाखाली पुरली. पुरत असताना ती एकच गोष्ट म्हणत होती. अग्लायाला कळता कामा नये.

"मरेल ती. बघशील तू. आजच्या आज मरेल."

यात मात्र ती चुकत नव्हती. म्हणून शनिवारच्या आत मी बस पकडून तालुक्याच्या बाजाराला गेले आणि सगळ्या पिंजऱ्यांत डोकावून एक काळी कोंबडी आणली. तुरा सरळ होता. मी तो बोटांनी एका बाजूला दाबून पाहिला, पुन्हा सरळ. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला, साठी उलटलेली बाई भर बसमध्ये कोंबडीचा तुरा वाकवत बसलेली.

शनिवारी अग्लाया आली. आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या. तिनं मका टाकला, कोंबडी आली, खाऊ लागली, मग मागे सरून दोन्ही पायांनी माती उडवू लागली.

"अंगानं भरलीय," अग्लाया म्हणाली. "तुराही कसा ताठ झालाय! म्हणजे वाट आता सोपी लागलीय त्याला. हो ना गं, ताई?"

"हो," झाम्फिरा म्हणाली.

अग्लाया गेल्यावर मी म्हटलं, "झालं ना? कोंबडी ती कोंबडी. ही उकरतेय, वर्ष भरेल, संपलं."

"ही बाजारातली आहे," झाम्फिरा म्हणाली. "हिला कबरीवरून कुणी दिलं नाही. कोणासाठी उकरायचं ते हिला माहीतच नाही. हिच्या मागून कोणी येत नाहीये, सावेता. आणि तो तिकडे जिथे होता तिथेच उभा आहे."

मी चिडले. म्हटलं, "तुझ्या डोक्यात किडे पडलेत." ती म्हणाली, "असतील. उकर." आणि हसली. त्यानंतर मी तिला हसताना पाहिलं नाही.

हिवाळ्यात तिच्या फडताळात एकही भरलेली बरणी नव्हती. मी माझ्यातल्या नेऊन ठेवायचे. रिकाम्या करून धुऊन परत द्यायची, पण नंतर कळलं की निम्मं ती कोंबड्यांना घालत होती, त्यांच्यात उकरायची ताकद राहावी म्हणून. बर्फ पडलं की खुराड्यापासून फाटकापर्यंत पट्टा साफ करून माती उघडी करायची. पांतेलिमोनच्या कुजलेल्या फळीवर आता नवी फळी ठोकली होती. मी ती बघितली की तोंड फिरवायचे.

ईस्टरपूर्वीच्या उपासांत तिनं अंथरूण धरलं. छाती भरली होती. डॉक्टर येऊन गेला, सुई दिली, शहरात न्या म्हणाला. ती जायला तयार नव्हती, कारण शनिवार दोन दिवसांवर होता आणि अग्लायाला दार कोण उघडणार? मी तिच्या उशाशी चहा घेऊन बसले होते. भर दुपार होती, बाहेर कोंबड्यांचा कलकलाट.

"माझ्यावरून कोंबडी देऊ नकोस," ती म्हणाली.

"भलतंच काय बोलतेस? माझी पांढरी देणार आहे मी."

"नको. पेटीत माझं खुरपं ठेव. मुठीला चिंधी बांधलेलं, ते. उजव्या हातात दे."

"खुरपं?"

"मी माझ्या वाटेनं नाही जायची. आधी त्याच्या वाटेला लागेन. जिथे थांबलाय तिथून पुढचं मी साफ करीन."

मला ओरडायचं होतं. म्हटलं, "अगं बये, तुला कांद्याचा एक वाफा खुरपवत नव्हता, दर दोन हातांवर मला हाक मारायचीस उठवायला. आणि आता जगाच्या पलीकडची वाट साफ करणार? तिथे कोण उठवणार तुला?"

तिनं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "नाही उठणार. बसूनच जाईन."

शुक्रवारी ती गेली.

खुरपं मी तिच्या हातात दिलं आणि बोटं दुमडून बसवली. कबरीशी माणसं थोडीच होती. उकडलेल्या गव्हाची गोड थाळी मी केली होती, मेणबत्त्या विझत होत्या. पेटी झाकायच्या आधी अग्लाया पुढे आली. तिच्या काखेत एक कोंबडी होती, तपकिरी, पिवळ्या पायांची, तिच्याकडची सगळ्यात चांगली.

"झाम्फिराताईला कोणी नाही, म्हणून मी आणली," ती म्हणाली. "माझ्या पोराची वाट हिनं मोकळी केली. स्वतःची बाग घालवून. मी तेव्हा काय काय बोलले हिला." मग तिचं लक्ष पेटीत गेलं. "आणि हे खुरपं कशाला? तिकडे कुठे बाग आहे?"

"असू दे," मी म्हटलं. "हाताला सवय होती."

झाम्फिरानं नको म्हटलं होतं. पण नको का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. अग्लायानं कबरीवरून कोंबडी पुढे केली. झाम्फिरा गेल्यावर आता गावात गरीब म्हणायची ती मीच. मी हात पुढे केले, घेतली, आणि "देव तिला क्षमा करो" म्हटलं.

आता सगळ्या माझ्याकडे आहेत. निस्तोर, बाई, बाजारातली काळी, आणि ही तपकिरी. दर शनिवारी अग्लाया मका घेऊन येते. काळीकडे बघून म्हणते, "दोन महिन्यांत पोचेल गं माझा," आणि तपकिरीकडे बघून म्हणते, "ताई तर तुरुतुरु चालली असेल." मी हो म्हणते. तपकिरी खरंच झपाट्यानं उकरते. झाम्फिराची वाट ती अगदी लख्ख करून टाकणार. आणि त्या वाटेवर झाम्फिरा नाही. ती दुसरीकडेच आहे, काट्यांत बसलेली, त्या सुजलेल्या गुडघ्यांवर, आणि तिच्या पुढे कोणी नाही.

काल मी कांदे लावले. काटे तोडून ठेवले होते. एक फांदी वाफ्यावर ठेवली, तर तपकिरी येऊन तिच्यापाशी उभी राहिली, एक पाय उचलून. मी म्हटलं, "हे बघ, तुझ्या मागून कोणी येत नाहीये. मला माहीत आहे." ती तशीच उभी. मी फांदी उचलली. मग दुसरी उचलली, मग सगळ्याच उचलून ओढ्यावर नेल्या. संध्याकाळपर्यंत वाफा उलटापालटा झाला. कांदे यंदा बाजारातून आणावे लागणार.